मिहानचे हँगर आणि एप्रनवर अडकलेलं विमान: नागपूर विमानतळाच्या तांत्रिक सेवेचं परीक्षण

नागपूरहून निघणारं विमान ‘तांत्रिक कारणामुळे’ थांबलं की सोनेगावच्या प्रतीक्षा कक्षात एक प्रश्न हमखास निघतो. शेजारी मिहान या औद्योगिक पट्ट्यात विमान-दुरुस्तीचे एवढाले हँगर उभे आहेत, बोइंगने बांधून दिलेले आहेत, मग एका चाकासाठी मुंबई-दिल्लीकडे डोळे लावून का बसायचं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर प्रवाशाला कुणी देत नाही. म्हणून हे परीक्षण. टर्मिनलची इमारत, खाणं, पार्किंग यांबद्दल इथे काही नाही. नागपुरात विमान ग्राउंड झालं, म्हणजे बिघाडामुळे जमिनीवरच अडकलं, तर ते किती लवकर आणि किती चोख पुन्हा उडतं, आणि तोवर प्रवाशाच्या पदरात काय पडतं, एवढंच पाहायचं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रात्रमुक्कामाची तपासणी, चाकं, ब्रेक आणि नियमात बसवून पुढे ढकलता येणारे बिघाड यांसाठी नागपूर भरवशाचं आहे. इंजिनात पक्षी गेला किंवा एखादा पंप, व्हॉल्व्ह, संगणक बदलायचा झाला की इथे वेळ जातो, आणि तो बहुतेकदा सुटा भाग येण्यात जातो. काम त्या मानाने थोडं असतं. मोठ्या, आठवडे चालणाऱ्या तपासणीसाठी मात्र नागपूर देशातल्या मोजक्या चांगल्या जागांपैकी एक आहे. एकाच विमानतळाला तीन वेगवेगळे शेरे का, ते पुढे.

विमानाच्या देखभालीचे दोन संसार असतात, लाइन आणि बेस. लाइन म्हणजे एप्रनवर (विमानं उभी राहतात त्या फरसबंद जागेवर), प्रवासी उतरत-चढत असताना किंवा रात्री उभ्या विमानावर होणारं काम: ट्रान्झिट तपासणी, रोजची तपासणी, तेल, टायर, दिवे, आलेला स्नॅग, म्हणजे बिघाड. बेस म्हणजे विमान हँगरात घेऊन, पॅनेल उघडून, सीट आणि फरशी काढून केलेलं काम. एअरबस ए३२० जातीच्या विमानाचा सी चेक, म्हणजे हँगरातली मोठी तपासणी, साधारण दोन ते तीन वर्षांनी येतो आणि सहा व बारा वर्षांनी सांगाड्याची खोल तपासणी होते. मिहानमध्ये होतं ते मुख्यतः हे दुसऱ्या प्रकारचं काम. बोइंगने एअर इंडियाच्या मोठ्या विमानखरेदीच्या बदल्यात ५० एकरांवर बांधलेलं केंद्र २०१५ साली सुरू झालं. त्यात १०० मीटर बाय १०० मीटरचे दोन हँगर आहेत आणि बोइंग ७७७ सारखी रुंद विमानं आत मावतात. ते चालवते एआयईएसएल, एअर इंडियाची तेव्हाची देखभाल उपकंपनी. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण ही कंपनी सरकारकडेच राहिली, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दुसरं केंद्र इंडामेर टेक्निक्सचं: ३० एकर, १० हँगर, एका वेळी १५ विमानं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अदाणी समूहाने भागीदारीत ते विकत घेण्याचा करार जाहीर केला.

मग तिथला इंजिनिअर जीप काढून एप्रनवर का येत नाही? कारण विमानावर पाना चालवण्याचा अधिकार नुसत्या कौशल्याने मिळत नाही. देखभाल संस्थेला डीजीसीएची, म्हणजे देशाच्या हवाई वाहतूक नियामकाची, सीएआर-१४५ या नियमाखाली मान्यता लागते आणि त्या मान्यतेत कोणत्या जातीचं विमान, कोणतं इंजिन, लाइन की बेस, कोणतं ठिकाण, सगळं लिहिलेलं असतं. माणसाला सीएआर-६६ खालचा परवाना लागतो. बी१ म्हणजे इंजिन, सांगाडा, यांत्रिकी. बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. आणि त्यावर त्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग. एवढं सगळं असूनही, ज्या संस्थेच्या नावाने सही करायची तिचं स्वतःचं अधिकारपत्र हातात नसेल तर टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, रिलीजची (विमान उडायला मोकळं असल्याची) सही करता येत नाही. सीएफएम इंजिनाच्या ए३२० वर दहा वर्षं घालवलेला माणूस प्रॅट अँड व्हिटनी इंजिन लावलेल्या ए३२० निओवर तसाच सही करू शकत नाही. विमान एकाच घराण्यातलं, तरी इंजिनाचं रेटिंग वेगळं.

दुसरी अडचण कागदाची. मिहानमधली ही केंद्रं विशेष आर्थिक क्षेत्रात येतात. तिथला सुटा भाग बाहेर देशांतर्गत वापरासाठी काढणं म्हणजे कस्टमच्या लेखी आयातच, त्यामुळे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम अर्ज, आलं. जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी झाला, त्याने दराचा घोळ मिटला, पण कागद तोच राहिला. शिवाय भागासोबत त्याचं प्रमाणपत्र हवं, म्हणजे सीए फॉर्म १, किंवा युरोपचा ईएएसए फॉर्म १, किंवा अमेरिकेचा ८१३०-३. कागद नसलेला नवाकोरा पंप आणि भंगारातला पंप यांत विमानाच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. म्हणून रात्री साडेदहाला अडकलेल्या विमानासाठी शेजारच्या हँगरापेक्षा मुंबईच्या स्वतःच्या स्टोअरमधून भाग मागवणं कंपनीला सोपं पडतं. प्रवाशाला हे विचित्र वाटतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ही व्यवस्था पटत नाही. त्यावर पुढे लिहिलं आहे.

आता जे काम इथे चांगलं होतं ते जवळून पाहू. चाक बदलणं हे लाइनवरचं सगळ्यात नेहमीचं काम. ए३२० ला मागे चार आणि पुढे दोन चाकं. मागच्या चाकाचा दाब सुमारे २०० पीएसआय, म्हणजे मोटारीच्या सहापटीच्या आसपास, आणि आत नायट्रोजन. साधी हवा भरत नाहीत कारण तापलेल्या चाकात तिच्यातला ऑक्सिजन घातक ठरतो. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकानाच्या बोइंग ७२७ मध्ये असंच चाक हवेत फुटलं आणि १६७ माणसं गेली. टायरवर चीर दिसली, खाचा झिजून संपल्या किंवा दाब मर्यादेखाली गेला की चाक काढायचं. दाब फारच कमी झालेला असताना विमान धावलेलं असेल तर त्याच धुरीवरचं जोडीचं चाकही काढावं लागतं, कारण सगळा भार त्यानेच सोसलेला असतो. हेच कारण आहे की ‘एक टायर बसला’ म्हणता म्हणता दोन चाकांची गरज पडते आणि स्टेशनवर, म्हणजे कंपनीच्या त्या विमानतळावरच्या साठ्यात, एकच निघतं.

कामाचा क्रम असा. बाकीच्या चाकांना चॉक, म्हणजे पाचरी, लावायचे, पार्किंग ब्रेक ओढलेला ठेवायचा म्हणजे ब्रेकच्या चकत्या एका ओळीत राहतात. खराब टायरमधला नायट्रोजन आधी सोडायचा; भरल्या दाबाचं खिळखिळं चाक सोडवताना माणूस दगावू शकतो. मग धुरीखाली जॅक, हबकॅप, लॉकचे बोल्ट, मोठा नट, आणि शंभर किलोच्या वरचं ते धूड ट्रॉलीवर. धुरी पुसून ओरखडे पाहायचे, बेअरिंगचं ग्रीस पाहायचं. नवं चाक ढकलताना त्याच्या आतल्या पट्ट्या ब्रेकच्या खाचांत बरोबर बसल्या पाहिजेत. इथून पुढचा टप्पा घाईत सर्वाधिक चुकतो. पार्किंग ब्रेक सोडून चाक हाताने फिरवत फिरवत नट आधी मोठ्या टॉर्कने आवळायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं, मग ढिला करायचा आणि दुसऱ्यांदा कमी टॉर्कने आवळायचा. पहिला टॉर्क तसाच राहिला तर बेअरिंग तापून जळतं. चाक न फिरवता आवळलं तर बेअरिंग बसल्याचा नुसता भास होतो आणि दोन-चार लँडिंगमध्ये ढिलं पडतं. शेवटी लॉक, दाब, जॅक खाली, टेकलॉगमध्ये जुन्या-नव्या चाकाचे क्रमांक आणि सही. भाग आणि माणसं जागेवर असतील तर पाऊण ते एक तास. स्टेशनवर चाक असेल तर प्रवाशाला हा उशीर जेमतेम जाणवतो. चाक नसेल तर तेच काम सहा-सात तासांचं होतं.

ब्रेकची झीज ओळखायला एक छोटी पिन असते. पार्किंग ब्रेक लावून पाहायचं: पिन पृष्ठभागाच्या पातळीला आली असेल तर ब्रेक संपला. नागपूरच्या उन्हाळ्यात ब्रेकचा दुसराच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे तापमानाचा. ए३२० मध्ये ब्रेक ३०० अंश सेल्सिअसच्या वर असतील तर उड्डाण करायचं नाही, आणि ब्रेक फॅन चालू असतील तर मोजलेली मर्यादा १५० अंश. बाहेर ४५ अंश, धावपट्टीचा डांबरी पृष्ठभाग त्याहून तापलेला आणि टर्नअराउंड, म्हणजे उतरून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, अर्ध्या तासाचा. ब्रेक हवे तेवढे निवत नाहीत आणि विमान दहा-पंधरा मिनिटं तसंच उभं राहतं. हा बिघाड नाही. गप्प बसून थांबण्याखेरीज त्यावर काही करायचंही नसतं. टायरच्या दाबाचंही तसंच. तापमान ३ अंशांनी बदललं की दाब साधारण १ टक्क्याने बदलतो. जानेवारीच्या पहाटे दिल्लीत मोजलेला दाब आणि मे महिन्याच्या दुपारी नागपुरात मोजलेला दाब यांची तुलना करण्यात अर्थ नाही, आणि लँडिंगनंतर लगेच तापलेल्या टायरमधला नायट्रोजन कमी करणं तर मोठी चूक. निवल्यावर तो टायर कमी दाबाचा निघतो.

एमईएल, म्हणजे कोणती वस्तू बंद असतानाही विमान उडू शकतं याची डीजीसीएने मान्य केलेली यादी. प्रवाशांच्या मनात हिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘बिघाड असताना उडवलं’ ही तक्रार पुष्कळदा याच यादीबद्दल असते. यादीत प्रत्येक वस्तूला मुदत आहे: बी गटाला ३ दिवस, सी गटाला १० दिवस, डी गटाला १२० दिवस, बिघाड सापडला तो दिवस सोडून, ए गटाची मुदत त्या-त्या नोंदीत लिहिलेली. काहींसोबत इंजिनिअरने करायचं काम असतं, काहींसोबत वैमानिकाने पाळायची पद्धत. कॉकपिटमध्ये पट्टी चिकटते, टेकलॉगमध्ये नोंद होते, घड्याळ सुरू होतं. एकच सुटी वस्तू बंद असणं आणि दोन वस्तू एकाच वेळी बंद असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि चांगला लाइन इंजिनिअर ओळखायचा तो इथे: तो नवा स्नॅग डेफर करण्याआधी, म्हणजे पुढे ढकलण्याआधी, जुन्या डेफर नोंदी वाचतो.

एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, साधारणपणे सी गटात येतं. ते बंद असताना विमान उडवणं पूर्ण सुरक्षित आहे. पण जमिनीवर त्याच्याशिवाय वीज नाही, एसी नाही आणि इंजिन चालू करायला हवा नाही. मग जीपीयू, म्हणजे बाहेरून वीज देणारं यंत्र, लागतो, ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झचा. घरातल्या ५० हर्ट्झचा इथे उपयोग नाही. आणि लागतं एअर स्टार्टर युनिट, जे दाबाने हवा मारून पहिलं इंजिन फिरवतं. दुसरं इंजिन पहिल्याच्या हवेवर, क्रॉसब्लीडने चालू करता येतं. एअर स्टार्टर नादुरुस्त असेल किंवा दुसऱ्या विमानाला लावलेला असेल तर प्रवासी आत बसलेले, दारं बंद आणि मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ. केबिन बघता बघता भट्टी होते. ही नागपूरच्या सेवेतली खरी उणीव आहे आणि ती सुरक्षिततेची नसून नियोजनाची आहे. एपीयू बंद असलेलं विमान एप्रिल ते जूनमध्ये नागपूरला दुपारच्या फेरीवर पाठवूच नये. पाठवायचं झालं तर जीपीयू, गार हवेची गाडी आणि एअर स्टार्टर तिन्ही विमानाच्या थांब्यावर उभी असल्याशिवाय बोर्डिंग सुरू करू नये. बसमधून प्रवासी आणण्याआधी एक फोन करायचा, एवढंच काम आहे ते.

पक्षी धडकणं हा इथला दुसरा मोठा विषय. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि प्राणी कापायला कायद्याने बंदी आहे, ती याच कारणाने. घारी कचऱ्यावर येतात आणि उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत सापडतात. धडक झाल्याचं कळलं की नाक, पंखांची पुढची कड, वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या, लँडिंग गिअर आणि इंजिनाचं तोंड डोळ्यांनी तपासायचं. पंख्याची पाती एक-एक करून मोजत फिरवायची: ए३२० घराण्यातल्या इंजिनांपैकी सीएफएम५६-५बी ला ३६, लीप-१ए ला १८, प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११०० ला २०. पात्याच्या कडेला वाक किंवा चीर आहे का, हाताने चाचपायचं. पक्ष्याचे अवशेष बाहेरच्या मोठ्या मार्गाने निघून गेले असतील तर तास-दीड तासात विमान सुटतं. आतल्या गाभ्यात गेल्याची शंका असेल, केबिनमध्ये जळका वास आला असेल, गाभ्याच्या तोंडाशी रक्त किंवा पिसं असतील, तर बोरस्कोप आलाच.

बोरस्कोप म्हणजे काही मिलिमीटर जाडीच्या नळीच्या टोकावरचा कॅमेरा. इंजिनावरची ठरावीक प्लग काढून ती आत सोडतात. एकजण गिअरबॉक्सच्या बाजूने गाभा हाताने सावकाश फिरवतो, दुसरा पडद्यावर पाती मोजतो. लीपच्या उच्चदाब कॉम्प्रेसरला १० टप्पे, सीएफएमला ९, पीडब्ल्यू११०० ला ८. पात्याच्या कडेला टवका दिसला की त्याची लांबी-खोली मोजून पुस्तकातल्या मर्यादेशी ताडायची. मर्यादेत असेल तर उडवता येतं किंवा ठरावीक फेऱ्यांनंतर पुन्हा पाहायचं. बाहेर असेल तर इंजिन काढायचं. मध्येच एक पात्याचा हिशोब चुकला तर पहिल्यापासून सुरुवात, म्हणून या कामात घाई करायला लावणारा ड्यूटी मॅनेजर सगळ्यात धोकादायक. नागपूर हा कोणत्याही मोठ्या प्रवासी कंपनीचा मुख्य तळ नाही, त्यामुळे यंत्र आणि ते वापरायचा अधिकार असलेला माणूस बहुतेकदा पुढच्या विमानाने येतो. इंजिन निवायला वेळ, माणूस यायला वेळ, तपासणीला तीन ते पाच तास. संध्याकाळी पक्षी लागला तर ते विमान सकाळीच निघेल असं धरून चालावं. मिहानमध्ये असं काम रोज करणारे हात असताना हे व्हावं, याची चुटपुट लागते.

आतापर्यंत एका विमानाचं झालं. कधी कधी अख्खा ताफा अडकतो, आणि त्याचा फटका नागपूरला वेगळ्या तऱ्हेने बसतो. १२ मार्च २०१८ रोजी डीजीसीएने प्रॅट अँड व्हिटनीची ठरावीक क्रमांकापुढची इंजिनं असलेली ११ ए३२० निओ विमानं थांबवली, ८ इंडिगोची आणि ३ गोएअरची. जुलै २०२३ मध्ये त्याच पीडब्ल्यू११०० इंजिनाच्या टर्बाइनच्या चकत्यांत, २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत वापरलेल्या धातूच्या भुकटीत, अशुद्धी असल्याचं जाहीर झालं. ती चीर कॅमेऱ्याला दिसत नाही. इंजिन उतरवून, खोलून, चकती अल्ट्रासाउंडने तपासावी लागते, आणि काढल्यापासून परत बसवेपर्यंत २५० ते ३०० दिवस लागतील असं मूळ कंपनीनेच सांगितलं. बंगळूर असो की नागपूर, कोपऱ्यात तोंड झाकलेल्या इंजिनांची विमानं महिनोन्‌महिने उभी दिसली की त्यामागे बहुतेकदा हे कारण असतं.

२८ नोव्हेंबर २०२५ चं प्रकरण याच्या अगदी उलट. ३० ऑक्टोबरला जेटब्लूच्या ए३२० ने हवेत अचानक नाक खाली घातलं. तीव्र सौर किरणोत्सर्गाने उड्डाण नियंत्रणाच्या ईएलएसी संगणकातला डेटा बिघडू शकतो, असा निष्कर्ष एअरबसने काढला. जगभरातली सुमारे ६,००० विमानं, भारतातली ३३८. उपाय: नवी प्रणाली काढून आधीची पुन्हा टाकायची, विमानामागे दोन-तीन तास; काही जुन्या विमानांत संगणकच बदलायचा. पुढच्या उड्डाणाआधी करायचं असल्याने आदेश कडक होता, पण सुटा भाग लागत नव्हता म्हणून दोन रात्रींत बहुतेक काम उरकलं. ‘सहा हजार विमानं ग्राउंड’ ही बातमी भयंकर वाटते, तीनशे दिवसांची तपासणी बातमीत येतही नाही. प्रवाशाच्या तिकिटावर परिणाम करते ती मात्र दुसरी.

कारण विमानं कमी पडली की कंपनी आधी तिथली फेरी काढते जिथे दिवसाला अनेक फेऱ्या आहेत. प्रवासी पुढच्या विमानात बसवता येतात. नागपूर-मुंबई, नागपूर-दिल्लीची एखादी फेरी गळाली तर चार-पाच तासांत सोय लागते. दिवसाला एकच विमान असलेल्या गावाला जायचं असेल तर त्या फेरीची विकेट क्वचितच पडते, पण पडली की थेट उद्यावर. लग्न, परीक्षा, ऑपरेशन अशा कामासाठी अशा मार्गावर आदल्या दिवसाचं तिकीट काढावं.

प्रवाशाला मिळणाऱ्या सेवेबद्दल. डीजीसीएचा नियम सीएआर विभाग ३, मालिका एम, भाग ४. नागपूरहून मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद ही सगळी अडीच तासांच्या आतली उड्डाणं, म्हणून २ तासांच्या उशिरानंतर खाणंपिणं देणं बंधनकारक. ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल तर ६ तासांच्या आतलं पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, निवड प्रवाशाची. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणारं विमान ६ तासांहून जास्त रखडलं तर हॉटेल आणि तिथे नेण्या-आणण्याची सोय. उशिराबद्दल रोख भरपाई नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि काउंटरवर उगाच वाद होतो. भरपाई आहे ती न कळवता रद्द केलेल्या विमानाची: १ तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, १ ते २ तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून मोठ्याला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी ते.

यात एक गोम आहे. कंपनीच्या हाताबाहेरच्या असाधारण परिस्थितीत भरपाई द्यावी लागत नाही, आणि त्या यादीत विमानावर परिणाम करणारा सरकारी आदेश स्पष्टपणे येतो. म्हणजे डीजीसीएने आदेश काढून विमान थांबवलं तर कंपनीला आधार मिळतो. नेहमीच्या स्नॅगचं नाव मात्र त्या यादीत नाही. म्हणून रद्द झाल्याचं कारण लेखी मागावं, मेलवर किंवा संदेशात. ‘ऑपरेशनल कारण’ एवढंच लिहून आलं तर नेमकं काय ते विचारून उत्तर घ्यावं. परतावा किंवा पर्यायी विमान या दोन्ही परिस्थितींत मिळतंच. तिकीट एजंटकडून काढताना मोबाइल नंबर स्वतःचा दिला आहे ना, तेही पाहावं. कंपनीकडे संपर्क क्रमांक नसेल तर ‘कळवता आलं नाही’ म्हणून भरपाई नाकारता येते, आणि सीताबर्डीच्या एजंटच्या फोनवर पहाटे चारला आलेला संदेश दुकान उघडल्यावरच वाचला जातो. कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. पीएनआर, बोर्डिंग पास आणि ते लेखी कारण जोडावं.

सुधारणा काय हवी, तर ती इमारतीत नको, व्यवस्थेत हवी. ए३२० ची चाकं, ब्रेक आणि एअर स्टार्टर यांचा सर्व कंपन्यांनी मिळून वापरायचा साठा नागपुरात ठेवावा आणि मिहानमधल्या एखाद्या केंद्राने बोरस्कोपसह लाइनची मान्यता घेऊन सगळ्या कंपन्यांशी आधीच करार करून ठेवावेत. अशी साठेवाटणी जगात अनेक विमानतळांवर चालते. देशाच्या मधोमध असण्याचा उपयोग नागपूरने याआधी करून दाखवला आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासची विमानं इथेच एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करायची. आता जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही पुरा झाला आहे, त्यामुळे रात्रीचं विमान चुकलं तरी चाक टेम्पोने सकाळपर्यंत पोचतं.

तोवर प्रवाशाने काय करावं? वेळेचं काम असेल तर सकाळची पहिली फेरी घ्यावी. ते विमान नागपुरातच रात्रभर उभं असेल तर त्याची रोजची तपासणी झालेली असते आणि काही निघालं असेल तर रात्रीच निघालेलं असतं. संध्याकाळचं विमान दिवसभराच्या सगळ्या गावांचा उशीर घेऊन येतं. आणि विमान थांबलंच, तर काउंटरवर ‘कधी सुटणार’ असं विचारू नये. त्याचं उत्तर त्या मुलीला माहीत नसतं. विचारावं: भाग इथे आहे की बाहेरून येतोय, आणि येत असेल तर कोणत्या विमानाने? भाग इथेच असेल तर एक-दोन तास धरावेत. येत असेल तर ते विमान उतरण्याच्या वेळेत दोन तास मिळवावेत. ‘इंजिनिअर येतोय’ असं उत्तर आलं तर बोरस्कोप किंवा मोठा संगणक समजावा आणि तिथेच परतावा की पर्यायी विमान ते ठरवून टाकावं, कारण पुढच्या फेरीतल्या मोकळ्या जागा पहिल्या अर्ध्या तासातच भरतात.